साठ टक्के युद्ध, वीस टक्के अमेरिका

नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली, हे आपण शाळेत शिकतो. त्या हत्याकांडातून, म्हणजे होलोकॉस्टमधून, जे बचावले त्यांचे पुढे काय झाले, याचा मात्र आपल्या वाचनात फारसा उल्लेख येत नाही. छावणीचे फाटक उघडते, सैनिक आत येतात आणि गोष्ट संपते. प्रत्यक्षात त्या दिवशी विशी-पंचविशीत असलेल्या माणसांना अजून पन्नास-साठ वर्षे जगायचे होते, आणि त्यांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांनी ती वर्षे अमेरिकेत काढली. त्यांच्या तोंडून नोंदवलेल्या आठवणींचा फार मोठा साठा आज अमेरिकेतील विद्यापीठांत आणि संग्रहालयांत आहे. या साठ्याला मौखिक इतिहास म्हणतात. ज्याने घटना भोगली त्याला प्रश्न विचारायचे, त्याचे उत्तर त्याच्याच आवाजात जपायचे आणि पुढे कुणालाही ते तपासता यावे अशी सोय करायची, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण अशी मुलाखत म्हणजे भूतकाळाचे जसेच्या तसे चित्र नव्हे. ती कोणत्या वर्षी घेतली, कोणी घेतली, कोणत्या भाषेत झाली आणि प्रश्नांचा आराखडा काय होता, यावर माणूस काय सांगतो हे मोठ्या प्रमाणात ठरते. अमेरिकेतल्या आयुष्याबद्दलच्या भागात तर हे फारच ठळकपणे दिसते.

आधी ही माणसे अमेरिकेत कशी पोहोचली ते पाहू, कारण मुलाखतींतले अनेक तपशील त्याशिवाय उलगडत नाहीत. युद्ध संपल्यावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीतील विस्थापितांच्या छावण्यांत अडीच लाखांहून अधिक ज्यू राहून गेले. अनेकांच्या घरी परतण्यासारखे काही उरले नव्हते. पोलंडमधील किल्त्से शहरात ४ जुलै १९४६ रोजी जमावाने चाळीसहून अधिक ज्यूंना ठार मारले, तेव्हा परतलेलेही पुन्हा पश्चिमेकडे पळाले. अमेरिकेचे दार त्या वेळी जवळजवळ बंद होते, कारण १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशासाठी ठरवून दिलेला कोटा अजून लागू होता. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २२ डिसेंबर १९४५ रोजी आदेश काढून त्या कोट्यातच विस्थापितांना प्राधान्य दिले, आणि कुणा नातेवाइकाऐवजी एखाद्या मदतसंस्थेने त्याच्या खर्चाची हमी दिली तरी चालेल, अशी सवलत दिली. ज्याचे सगळे नातेवाईक मारले गेले होते त्याच्यासाठी ही सवलत किती मोलाची होती, हे सांगायला नको. या आदेशाखालचे पहिले जहाज मे १९४६ मध्ये न्यूयॉर्कला लागले.

त्यानंतर १९४८ मध्ये विस्थापितांचा कायदा आला. त्यात एक अट अशी होती की अर्जदार २२ डिसेंबर १९४५ पूर्वी जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत पोहोचलेला असावा. वरवर पाहता ही एक साधी तारीख वाटते. पण किल्त्सेनंतर पळून आलेले ज्यू त्या तारखेने आपोआप बाद होत होते. शिवाय शेतकऱ्यांना आणि सोव्हिएत संघाने गिळलेल्या बाल्टिक प्रदेशांतून आलेल्यांना राखीव वाटा होता, आणि ज्यूंमध्ये शेतकरी थोडेच होते. ट्रूमन यांनी या कायद्यावर सही केली, पण तो ज्यूंशी उघड भेदभाव करणारा आहे असे त्याच वेळी बजावले. १९५० मध्ये ही मुदत १ जानेवारी १९४९ पर्यंत पुढे नेण्यात आली. मुलाखतींत कुणी आपण जर्मनीत कधी पोहोचलो हे सांगताना अडखळतो, किंवा कागदावर आपला व्यवसाय वेगळाच लिहिला होता असे सांगतो, तेव्हा या कायद्याची कलमे डोळ्यांसमोर असलेली बरी.

अमेरिकेत उतरल्यावर पहिली गाठ पडे ती ज्यू मदतसंस्थांच्या समाजसेविकांशी. राहायला तात्पुरती जागा, थोडे पैसे आणि इंग्रजीचे वर्ग मिळत. न्यूयॉर्कमध्ये गर्दी होऊ नये म्हणून अनेकांना डेन्व्हर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशा दूरच्या शहरांत पाठवले जाई. मदतीचा काळ साधारण एक वर्षाचा. माणूस नोकरीला लागला की त्याची फाइल बंद. इतिहासकार बेथ कोहेन यांनी या जुन्या फायली वाचल्या, तेव्हा त्यांत झोप न येणाऱ्या, कामावर टिकू न शकणाऱ्या, आणि आमचे म्हणणे कुणी ऐकून घेत नाही अशी तक्रार करणाऱ्या माणसांच्या नोंदी सापडल्या. याउलट समाजशास्त्रज्ञ विल्यम हेल्मराइख यांनी वृद्धापकाळातील बचावलेल्यांशी बोलून जे चित्र उभे केले, त्यात स्थिर संसार, पक्के कामधंदे आणि समाजात मिळवलेले स्थान उठून दिसते. दोन्ही खरे आहे. एक चित्र १९४९ च्या फायलीतले आहे, दुसरे चाळीस वर्षांनंतरच्या दिवाणखान्यातले. चाळीस वर्षांनी मागे वळून बघणारा माणूस पहिल्या वर्षाचे हाल दोन वाक्यांत आटोपतो, कारण ते पार पडले हे त्याला ठाऊक असते. फाइल लिहिणाऱ्या बाईला ते ठाऊक नव्हते.

नव्याने उभ्या केलेल्या आयुष्यांचे प्रकारही आपल्या कल्पनेपेक्षा वेगळे होते. न्यू जर्सीतील व्हाइनलँड या गावाभोवती शेकडो बचावलेल्या कुटुंबांनी कोंबडीपालन सुरू केले. अनेकांनी त्यापूर्वी कधी कोंबडी पाळलेली नव्हती, पण या धंद्याला इंग्रजी कमी लागे, नवरा-बायको एकत्र काम करू शकत, आणि वरचढ साहेब नसे. पुढे १९५० च्या दशकात अंड्यांचे भाव पडले आणि बहुतेकांना ते सोडावे लागले. इतरांनी शिवणकामाच्या कारखान्यांत, कसायाच्या दुकानांत, बांधकामात हात घातला. बुडापेस्टमध्ये जन्मलेले टॉम लँटॉस १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर आले, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. तिथे पोहोचलेले ते एकमेव होलोकॉस्टमधून बचावलेले सदस्य. अशा ठळक उदाहरणांना प्रसिद्धी मिळते, पण संग्रहांतल्या बहुसंख्य मुलाखती शिंपी, दुकानदार, गृहिणी आणि हिशेबनीस यांच्या आहेत, आणि माझ्या मते त्याच अधिक ऐकण्यासारख्या आहेत.

आता नोंदींकडे वळू. या क्षेत्रातले सर्वांत विलक्षण काम फार लवकर झाले, आणि त्याकडे जवळजवळ कुणाचे लक्ष गेले नाही. लाटव्हियात जन्मलेले डेव्हिड बोडर शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ च्या उन्हाळ्यात ते तारेवर ध्वनिमुद्रण करणारे एक अवजड यंत्र घेऊन युरोपात गेले. टेपरेकॉर्डर सर्वत्र होण्याआधीचे हे तंत्र. केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज उमटवला जाई. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीत फिरून त्यांनी नऊ भाषांत सुमारे १३० मुलाखती घेतल्या. त्या आज ऐकताना पहिला धक्का बसतो तो बोडर यांच्या प्रश्नांचा. ते वारंवार मध्येच थांबवतात. गाडीत किती माणसे होती, निवड (म्हणजे कुणाला कामाला ठेवायचे आणि कुणाला थेट मारायचे हे ठरवणे) नेमकी कशी करत, दार कोण उघडे, असे विचारतात. आज ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्या तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हत्या, आणि या घटनेला अजून सर्वमान्य नावही नव्हते. सांगणाऱ्यालाही आपली गोष्ट कशी सांगायची असते याचा नमुना समोर नव्हता. म्हणून त्या बोलण्यात पुढच्या काळातला सराईतपणा नाही. राग आहे, मध्येच तुटलेली वाक्ये आहेत, पुढे कुठे जायचे याची अनिश्चितता आहे. बोडर यांनी त्या दौऱ्यातील एका तारेच्या शेवटी स्वतःच्याच आवाजात विचारून ठेवले आहे की या सगळ्याचा न्यायनिवाडा कोण करणार, आणि माझ्या या कामाचा कोण करणार. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी अनेक मुलाखतींची भाषांतरे केली, पण १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हा साठा फारसा कुणाला माहीत नव्हता. त्याच संस्थेच्या ग्रंथालयाने तो पुढे इंटरनेटवर खुला केला.

त्यानंतरची तीन दशके सर्वसाधारणपणे मौनाची मानली जातात. हे अर्धेच बरोबर आहे. आपापल्या गावच्या मंडळींच्या संघटनांत, पत्ते खेळताना, लग्नकार्यांत ही माणसे आपसात सतत बोलत होती, आणि नष्ट झालेल्या गावांची स्मृतिग्रंथे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) व हिब्रूत छापत होती. बाहेरच्यांना मात्र ऐकायचे नव्हते. मागचे विसरा, आता अमेरिकेत आहात, असा सल्ला नातेवाइकांकडूनच मिळाल्याचे मुलाखतींमागून मुलाखतींत येते. जेव्हा बोलण्याची संधी मिळे, तेव्हा तिचा साचा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असे. मे १९५३ मध्ये एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात हॅना ब्लॉख कोनर यांना अचानक मंचावर आणण्यात आले. जर्मनव्याप्त पोलंडमधील आउश्वित्झ या सर्वांत मोठ्या मृत्युछावणीसह अनेक छावण्यांतून वाचलेल्या या बाईंचे आयुष्य सूत्रसंचालकानेच अर्ध्या तासात सांगून टाकले, भाऊ आणि मैत्रीण यांच्याशी भेट घडवली, आणि मधल्या वेळात लिपस्टिकची जाहिरात झाली. स्वतः हॅना त्यात थोडेच बोलतात.

दुसरा साचा नुकसानभरपाईचा. पश्चिम जर्मनीच्या १९५० च्या दशकातील कायद्यांनुसार आरोग्याच्या हानीबद्दल निवृत्तिवेतन हवे असेल, तर छळामुळे आपली कमावण्याची क्षमता किमान पंचवीस टक्के घटली आहे हे सिद्ध करावे लागे. त्यासाठी अमेरिकेतच नेमलेल्या डॉक्टरांसमोर बसून आपली कहाणी सांगायची, आणि मग तुमची निद्रानाशाची तक्रार जन्मजात स्वभावामुळे आहे, छावणीमुळे नव्हे, असा शेरा वाचायचा, हे अनेकांच्या वाट्याला आले. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक विल्यम नीडरलँड हे स्वतः जर्मनीतून पळून आलेले निर्वासित. त्यांनी असे शेकडो अर्जदार तपासले आणि त्यांच्या लक्षणांचा एक निश्चित आकृतिबंध मांडला, ज्यात आपणच का वाचलो ही अपराधी भावना केंद्रस्थानी होती. आपल्या यशस्वी अमेरिकन जीवनाची गोष्ट अभिमानाने सांगणारा माणूस या कार्यालयात मात्र आपण किती मोडून पडलो आहोत हे सांगत होता. त्यातले कोणतेच खोटे ठरत नाही. प्रश्न वेगळा होता.

१९६१ मध्ये जेरुसलेमला, ज्यूंच्या हद्दपारीची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइशमन याच्यावरील खटल्यात शंभराहून अधिक जणांनी साक्ष दिली, त्यांत बहुतेक बचावलेलेच होते, आणि जगाने ती ऐकली. अमेरिकेत वारे खऱ्या अर्थाने फिरले ते १९७७-७८ मध्ये. शिकागोजवळच्या स्कोकी या उपनगरात बचावलेल्यांची मोठी वस्ती होती, आणि नेमक्या तिथेच एका लहानशा नाझी गटाने गणवेशात मोर्चा काढायचे जाहीर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मोर्चा शेवटी स्कोकीत निघालाच नाही, पण आजवर शेजाऱ्यांनाही काही न सांगितलेली माणसे नगरसभेत उठून बोलू लागली. याच लोकांनी पुढे स्थापलेल्या संस्थेतून तिथले आजचे संग्रहालय उभे राहिले.

१९७९ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब आणि दूरचित्रवाणी पत्रकार लॉरेल व्लॉक यांनी चित्रफितीवर मुलाखती घेण्यास सुरुवात केली. लाउब स्वतः लहानपणी छावणीतून वाचलेले होते. हा साठा १९८१ मध्ये येल विद्यापीठाकडे गेला आणि आज त्यात ४,४०० हून अधिक साक्षी आहेत. येलची पद्धत अशी की मुलाखतकाराने शक्य तितके गप्प राहावे, वेळेचे बंधन ठेवू नये, आणि माणूस जिकडे जाईल तिकडे त्याच्या मागे जावे. याच्या दुसऱ्या टोकाला स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली शोआ फाउंडेशन (शोआ हे होलोकॉस्टचे हिब्रू नाव) ही संस्था आहे. पाच-सहा वर्षांत तिने ५६ देशांत आणि ३२ भाषांत सुमारे ५२,००० मुलाखती घेतल्या. पुढे हा संग्रह सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. एवढ्या प्रमाणावर काम करायचे म्हणजे शिस्त हवीच. मुलाखत साधारणपणे माणसाच्या घरी, आधी सविस्तर प्रश्नावली भरून घेतलेली, क्रम जन्मापासून पुढे, आणि शेवटी छायाचित्रे व कुटुंबीय कॅमेऱ्यासमोर. मुलाखतकारांना दिलेल्या सूचनेनुसार सुमारे वीस टक्के वेळ युद्धापूर्वीच्या आयुष्याला, साठ टक्के युद्धकाळाला आणि उरलेला वीस टक्के त्यानंतरच्या आयुष्याला द्यायचा होता.

हा हिशेब जरा थांबून पाहावा. सरासरी मुलाखत दोन तासांहून थोडी अधिक. म्हणजे १९४५ पासून मुलाखतीच्या दिवसापर्यंतच्या पन्नास वर्षांना, ज्यांत विस्थापितांची छावणी, जहाज, नवी भाषा, नोकऱ्या, संसार, मुले आणि म्हातारपण हे सगळे आले, जवळपास पंचवीस मिनिटे मिळतात. त्यातही शेवटच्या काही मिनिटांत नातवंडे येऊन बसतात. अशा मांडणीत माणूस अमेरिकेची गोष्ट विजयाची म्हणून सांगेल, हे उघड आहे. नातवंडांसमोर पहिल्या नोकरीतला अपमान किंवा रात्रीच्या किंकाळ्या कोण काढेल? संस्थेचा हेतू हत्याकांडाची नोंद करण्याचा होता, म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही, पण या शेवटच्या भागावरून बचावलेल्यांच्या अमेरिकन जीवनाबद्दल निष्कर्ष काढायचे असतील तर ही मर्यादा विसरून चालणार नाही. वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने ही उणीव ओळखून काही बचावलेल्यांच्या केवळ युद्धोत्तर जीवनावर वेगळ्या मुलाखती घेतल्या. मिशिगनमधील मानसशास्त्रज्ञ हेन्री ग्रीनस्पॅन तर त्याच त्या मोजक्या माणसांकडे वर्षानुवर्षे परत जात राहिले, कारण पहिल्या भेटीत माणूस तयार असलेले सांगतो आणि काय सांगता येत नाही ते पुढच्या भेटींत कळू लागते, असा त्यांचा अनुभव होता.

मग या आठवणींवर विश्वास किती ठेवायचा? याचे एक प्रसिद्ध उदाहरण लाउब यांनीच नोंदवले आहे. आउश्वित्झमधील ऑक्टोबर १९४४ च्या कैद्यांच्या उठावाबद्दल सांगताना एका बाईने प्रेते जाळणाऱ्या दाहगृहांची चार धुराडी उडाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात एकच दाहगृह निकामी झाले होते, म्हणून काही इतिहासकारांनी ती साक्ष अविश्वसनीय ठरवली. लाउब यांचे म्हणणे असे की धुराड्यांची संख्या चुकली असली, तरी तिथे प्रतिकार होऊ शकतो ही कल्पनेपलीकडची गोष्ट घडली याची ती साक्षीदार होती. मला यातला मोह समजतो, पण तो थोडा जपून वापरावा असे वाटते. संख्येला महत्त्व नाही असे एकदा म्हटले की हत्याकांड नाकारणाऱ्यांच्या हाती आयते हत्यार जाते.

अधिक भक्कम वाट इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी दाखवली. पोलंडमधील स्टाराखोवित्से येथील गुलाम-कामगारांच्या छावण्यांची लेखी कागदपत्रे फारशी उरलेली नाहीत. तिथला जर्मन पोलीसप्रमुख वाल्टर बेकर याला १९७२ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने निर्दोष सोडले, कारण न्यायाधीशांनी बचावलेल्यांच्या साक्षी ग्राह्य धरल्या नाहीत. ब्राउनिंग यांनी युद्धानंतरच्या पहिल्या वर्षांपासून पुढच्या कित्येक दशकांत नोंदवलेल्या २९२ साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या. घटनांचा गाभा इतक्या वर्षांतही फारसा ढळलेला नव्हता. काही ठिकाणी मात्र नंतर वाचलेले-पाहिलेले मिसळले होते. या छावणीची गाडी आउश्वित्झला पोहोचली तेव्हा फलाटावर निवड झालीच नव्हती, तरी काहींना तिथे अशा निवडी करणारा कुख्यात नाझी डॉक्टर मेंगेले उभा असल्याचे आठवत होते. उलट, गाडीच्या डब्यात कैद्यांनी सूडापोटी इतर काही कैद्यांना मारल्याची गोष्ट आणि स्त्रियांवरील बलात्कार यांबद्दल लोक फार उशिरा, म्हातारपणी मोकळेपणाने बोलू लागले. म्हणजे लवकरची साक्ष ताजी म्हणून नेहमीच अधिक चांगली असते, हा समजही सरसकट टिकत नाही.

आज बचावलेल्यांपैकी थोडेच हयात आहेत, आणि जे आहेत ते त्या वेळी बहुतेक मुलेच होती. शोआ फाउंडेशनने काहींना शंभराहून अधिक कॅमेऱ्यांसमोर बसवून प्रत्येकी शेकडो प्रश्नांची उत्तरे नोंदवली आहेत. संग्रहालयात विद्यार्थी पडद्यावरील त्या व्यक्तीला प्रश्न विचारतात आणि संगणक जुळणारे उत्तर निवडतो. जुन्या मुलाखतींची मिनिटागणिक विषयसूचीही तयार आहे, त्यामुळे एखादे गाव किंवा विषय शोधून थेट त्या मिनिटावर जाता येते. ही सोय अभ्यासकाला उपयोगी आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने शक्यतो एकच मुलाखत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी, आणि ऐकताना तारीख, भाषा व मुलाखतकाराचा प्रश्न कागदावर लिहून ठेवावा. बोडर यांच्या संग्रहातील मूळ आवाज आणि इंग्रजी भाषांतर शेजारी-शेजारी उपलब्ध आहेत, तर वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हजारो पूर्ण मुलाखती विनामूल्य पाहता येतात. युद्धानंतरच्या आयुष्याचा शोध असेल तर तिथल्या युद्धोत्तर विषयाच्या मुलाखतींपासून सुरुवात करावी.